पत्रकातला पहिला मुद्दा

माझं नाव पुकारलं आणि मी खाली बसलो.

कचेरीत उमेदवारी अर्जांची छाननी चालू होती. अठ्ठ्याहत्तर सालची विधानसभेची निवडणूक. समोर मोठं टेबल, टेबलामागं साहेब, भिंतीला लागून खुर्च्या. खुर्च्यांवर उमेदवार, त्यांचे वकील, त्यांची माणसं. मीही खुर्चीवरच होतो. अंगात पांढरा शर्ट, बायकोनं तांब्यात निखारे घालून त्याला इस्त्री केलेली. कारकुनानं आवाज दिला. आधी आडनाव, मग माझं नाव, मग बापाचं. मी उठलो, टेबलासमोर गेलो आणि फरशीवर उकिडवा बसलो. हात गुडघ्यांवर. मान खाली. तोंडातून आपोआप गेलं, "हजर."

मी काय केलं ते मला हसणं ऐकू आल्यावर कळलं.

सगळी खोली हसत होती. चहा घेऊन आलेला शिपाईसुद्धा. माझ्याविरुद्ध मोठ्या पक्षाचे शेठ उभे होते. शहरात त्यांच्या दोन पेढ्या, एक थिएटर. ते हसले नाहीत. चष्मा पुसत सावकाश म्हणाले, "असू द्या, असू द्या. सवय आहे त्यांची."

हसणाऱ्यांचा राग आला नाही एवढा या बोलण्याचा आला. हसणारा निदान मला पहिल्यांदा बघत होता. शेठ मला ओळखून होते.

मला निवडणुकीला उभं करणारे वकीलसाहेब खुर्चीवरून उठून माझ्याजवळ आले. त्यांनी माझ्या काखेत हात घातला. "उठा हो, उठा. लोक बघतायत."

मी उठलो. साहेबांनी अर्ज मंजूर केला. पुढं माघारीची मुदत संपल्यावर चिन्ह मिळालं, शिडी. त्या दिवशी कचेरीबाहेर पायऱ्यांवर शेठच्या माणसांपैकी कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "शिडी बरी मिळाली. भिंतीवर चढायला उपयोगी." परत हसणं. मला माझ्या गुडघ्यांचाच राग आला होता. चाळिशीला आलेला माणूस मी, गिरणीत माझ्या हाताखाली पोरं माग चालवायला शिकली, युनियनच्या सभेत मी मालकाला तोंडावर उत्तर दिलेलं. आणि कुणी माझं नाव पुकारलं की माझे गुडघे मला न विचारता वाकतात.

का वाकतात ते सांगतो. सोलापूरच्या माणसाला सेटलमेंट सांगावी लागत नाही, बाहेरच्याला सांगावी लागते. इंग्रजांच्या राज्यात काही जाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. पाळण्यातलं पोरसुद्धा गुन्हेगार. अशा जातींची माणसं धरून आणली आणि शहराबाहेर तारेच्या कुंपणात ठेवली. त्या जागेला म्हणायचं सेटलमेंट. आत खोल्या, एक फाटक, फाटकावर शिपाई. दिवसा गिरणीत राबायचं, पाळी सुटली की परत तारेच्या आत. घंटा झाली की मैदानात हजेरी. रांगेनं उकिडवं बसायचं. उभा माणूस पळून जाऊ शकतो, म्हणून बसवायचं. नाव पुकारलं की मान खाली घालून 'हजर' म्हणायचं.

मी त्या तारेच्या आत जन्मलो. हजेरी मोठ्यांची असायची, पण मी आप्पाच्या शेजारी जाऊन बसायचो. आप्पा म्हणजे माझा बाप. मला तो खेळ वाटायचा. आप्पानं 'हजर' म्हटलं की मीपण म्हणायचो, आणि आप्पा माझ्या डोक्यावर टपली मारायचा. हसत नसायचा.

स्वातंत्र्य आलं. पुढं काही वर्षांनी कायदा गेला, तार निघाली. पुढारी आले, भाषणं झाली, आम्हा पोरांना पेढे मिळाले. तुम्ही आता मुक्त झालात, असं सांगितलं. आईनं त्या तारेचा एक लांब तुकडा घरी आणला आणि त्यावर धुणं वाळत घातलं. मला वाटलं, झालं. सुटलो.

तार निघाली, पण बसवणं राहिलं. हा शब्द आमच्या वस्तीत लहान पोरालाही कळतो. गड्ड्याची जत्रा आली की जत्रेत खिसे कापले जाऊ नयेत म्हणून आधीच आमची माणसं चौकीत नेऊन बसवायची. मंत्री येणार, बसवा. शहरात बड्या घरचं लग्न, बसवा. कुठं घरफोडी झाली, बसवा. गुन्हा नाही, अटक नाही, कागद नाही. नुसतं अंगणात उकिडवं बसायचं, जत्रा संपेपर्यंत किंवा मंत्री जाईपर्यंत. मला मिसरूड फुटलं त्या साली मला पहिल्यांदा नेलं. मी विचारलं, "मी काय केलं?" हवालदार म्हणाला, "अजून काय केलं न्हाईस, म्हणून तर बसवलंय." चौकीतले सगळे हसले. त्यांना तो लई भारी विनोद वाटला.

गिरणीत खाडा पडायचा. मुकादम विचारायचा, "कुटं होतास?" मी सांगायचो, ताप आला होता. साचेखात्यातल्या, म्हणजे मागावरच्या सोबत्यांना माहीत होतं, आम्हाला वर्षातून इतका ताप का येतो. कुणी विचारत नसे. डब्यातली भाजी एकमेकांना देत होतो, एका बाकावर बसून जेवत होतो, पण हे कुणी विचारत नसे आणि मी सांगत नसे. आणीबाणीत तर आमच्यातली कित्येक माणसं महिनोन्महिने दिसली नाहीत. आणीबाणी उठली, लोकशाही परत आली म्हणून शहरात मिरवणूक निघाली. त्या मिरवणुकीच्या दिवशी आम्ही चौकीत होतो.

तरी मी आमदारकीला उभा राहिलो. त्याचं कारण गिरणी. गिरणी धड चालत नव्हती, धड बंद पडत नव्हती. रोजापुरते घेतले जाणारे बदली कामगार फाटकावर ताटकळत उभे राहायचे आणि भोंगा झाला की परत जायचे. युनियनमध्ये मी बोलायचो. वकीलसाहेब युनियनचे खटले बिनफी चालवायचे. सरळ माणूस. घरात पुस्तकांची कपाटं. ते म्हणाले, "कामगारांतला माणूस विधानसभेत गेला पाहिजे. तुम्ही उभे राहा." मला खोटं वाटलं. मग गर्व वाटला. खरं सांगतो, छाती फुगली.

पत्रक त्यांच्या घरी लिहायला बसलो. त्यांच्या पत्नीनं पोहे आणून दिले, चिनीमातीच्या बशीत, सगळ्यांना दिले तशाच बशीत. मी ते ध्यानात ठेवलं. आमच्यासारखा माणूस असल्या गोष्टी ध्यानात ठेवतोच. वकीलसाहेबांनी विचारलं, "निवडून आलात तर आधी काय कराल? लोक हेच विचारतील. क्रमानं सांगा."

मी म्हणालो, "पयलं, बसवणं बंद."

"म्हणजे?"

मी सगळं सांगितलं. त्यांना थोडं माहीत होतं, बरंच नव्हतं. ऐकताना त्यांनी पेनाचं टोपण लावून ठेवलं. मग म्हणाले, "हे भयंकर आहे. पण हा मतांचा मुद्दा नाही."

"खरा हाय की."

"खरा आहे. म्हणूनच सांगतो. लोक तुम्हाला गिरणी कामगार म्हणून ओळखतात, तेवढंच राहू द्या. तुम्ही स्वतःच वस्तीचं नाव काढलंत तर शेठला प्रचार करायची गरजच उरणार नाही. आधी निवडून या. मग करू."

मी वाद घातला. माझ्याजवळ शब्द कमी होते, त्यांच्याजवळ जास्त. शेवटी पत्रक तयार झालं. गिरणी पूर्ण पाळ्यांत चालवा. बदलीवाल्यांना कायम करा. झोपडपट्टीत नळ द्या. पावसाळ्यात गुडघाभर चिखल होतो ते रस्ते करा. सगळं खरं, सगळं पाहिजेच. मी नळाच्या विरुद्ध नाही. माझी बायको पहाटे उठून हंडा घेऊन रांगेत उभी राहते, मला नळाचं मोल सांगायला नको. पण नळ आला तरी ती पाणी भरून येईल आणि नवरा चौकीत असेल. हे मला सांगता आलं नाही. पत्रक छापून आलं. माझा पहिला मुद्दा त्यात कुठंच नव्हता.

प्रचार सुरू झाला. मी, साचेखात्यातले सोबती, पुढं एकाच्या खांद्यावर लाकडाची खरी शिडी. गल्लीगल्लीतून हिंडलो. लोक ऐकून घ्यायचे, गिरणीचं नाव काढलं की माना हलवायचे. पण मला दुसरंही दिसायचं. किराणा दुकानदार हात जोडून म्हणायचा, "मत तुम्हालाच," आणि गल्ला मांडीखाली ओढून घ्यायचा. एका घरात म्हातारीनं मला पाणी दिलं आणि मी तांब्या परत देईपर्यंत तांब्यावरची नजर काढली नाही. मी पाणी पिऊन तिचा तांब्या तिच्या हातात दिला आणि म्हणालो, "आजी, बघून घ्या, त्योच हाय." सोबती हसले. म्हातारी लाजली. मी हसलो नाही. माझं डोकं सणकत होतं.

घरी आप्पा मात्र खूश होता. पत्रकावर माझं नाव छापलेलं त्याला वाचता येत नव्हतं, तरी तो घडी करून खिशात ठेवायचा. म्हणायचा, "नळ आण. लई झालं. बाकी काय काढू नगंस."

मग शेठच्या प्रचाराला मंत्री आले.

त्याच संध्याकाळी गिरणीच्या फाटकासमोर माझी मोठी सभा होती. सकाळी मी दाढी करत होतो, अर्ध्या गालाला साबण. वस्तीच्या तोंडाशी पोलिसांची गाडी थांबल्याचा आवाज आला. आमच्याकडं त्या आवाजानं पळापळ होत नाही. माणसं आपोआप बाहेर येतात, चप्पल घालतात, बायका भाकरी फडक्यात बांधून देतात. आप्पानं मुंडासं बांधलं. सत्तरी गाठलेला माणूस, काठी धरून चालतो, तो कुणाचा खिसा कापणार? पण त्याचंही नाव नेहमीचंच होतं.

हवालदार माझ्या दारात आला. मी म्हणालो, "मी उमेदवार हाय."

तो म्हणाला, "मग उमेदवारासारखा चल की. सगळ्यांच्या पुढं."

बायको मध्ये आली. "आवं, त्यांची सभा हाय आज. पत्रकं वाटलीत."

"मंत्र्यांची बी सभा हाय," हवालदार म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, दया नव्हती. तो कामावर आला होता.

मला चौकीच्या अंगणात बसवलं. रांगेत. माझ्या बाजूला आप्पा. पुढच्या रांगेत माझ्या प्रचाराची पोरं, ज्यांना मी मतदानाच्या दिवशी केंद्रावर बसवणार होतो. ऊन वर आलं. दुपारी मंत्र्यांच्या गाड्या रस्त्यावरून गेल्या, मग लांबून कर्ण्यावर भाषण ऐकू यायला लागलं. शब्द तुटक यायचे, पण एक वाक्य स्वच्छ आलं. मंत्री म्हणत होते, भटक्या-विमुक्त बांधवांना आम्ही न्याय देऊ. टाळ्या वाजल्या. मी अंगणातल्या माणसांकडं बघितलं. ज्यांना न्याय द्यायचा ते बांधव सगळे इथंच होते. कुणी हसलंसुद्धा नाही. एकजण झोपला होता, बसल्या बसल्या. आम्हाला तसं झोपता येतं.

त्यानंतर थोड्या वेळानं वकीलसाहेब आले. काळा कोट, कपाळावर घाम. आत जाऊन फौजदाराशी मोठ्या आवाजात बोलले. कायद्याची कलमं ऐकू आली. बाहेर आले ते समाधानानं. माझ्या खांद्यावर हात ठेवला. "चला. तुम्हाला सोडलंय. उमेदवाराला असं बसवता येत नाही, मी त्यांना सरळ सांगितलं. सभा वेळेवर होईल."

"आणि हे?"

"यांना संध्याकाळी सोडतील. मंत्री गेले की."

मी उभा राहिलो. जायला म्हणूनच उठलो होतो. मग बाजूला बघितलं. आप्पा वर बघत होता, उन्हानं डोळे बारीक करून. पुढच्या रांगेतली पोरं बघत होती. म्हणजे उमेदवार आहे म्हणून मी माणूस, आणि उमेदवाराचा बाप नाही. मी अर्ज भरला, चिन्ह घेतलं, म्हणून मला सोडायचं. निवडणूक झाली, अर्ज संपला, की मी परत रांगेत. एवढाच माझा मान.

मी म्हणालो, "सगळे येतील तर येतो."

वकीलसाहेब म्हणाले, "अहो, सभा आहे. हजारभर लोक येतील. ऐका माझं."

"न्हाय येत."

हवालदार म्हणाला, "मग बस की खाली. उभा कशापायी?"

माझे गुडघे वाकायला लागले होते. अगदी खरं सांगतो, त्याच्या आवाजाबरोबर वाकायला लागले होते. मी मांड्या दोन्ही हातांनी धरल्या. म्हणालो, "बसत न्हाय. गुन्हा सांगा, मग बसतो."

हवालदार एक पाऊल पुढं आला. आणि तेवढ्यात खालून माझ्या धोतराचा सोगा कुणीतरी ओढला. आप्पा.

"बस रं. बस खाली. तू सुटशील, आमच्यावर यील."

एखाद्या गोष्टीत माझ्यामागोमाग सगळी रांग उठून उभी राहिली असती. तसं कुणी उभं राहिलं नाही. पोरांनी माना खाली घातल्या. मी बापाच्या हातातून सोगा सोडवून घेतला. बापाचा हात झिडकारला, मी, आयुष्यात पहिल्यांदा. आणि मंत्र्यांच्या गाड्या परत जाईपर्यंत त्या अंगणात एकटा उभा राहिलो. फौजदारानं खिडकीतून बघितलं आणि काय विचार केला कोण जाणे, हवालदाराला आत बोलावून घेतलं. मारलं नाही. वकील दारात होते म्हणून असेल.

सभेला पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. अर्ध्या गालावर दाढी तशीच. लोक थांबले होते, पाळी सुटलेले, सायकली धरून उभे. वकीलसाहेबांनी माझ्या कानात सांगितलं, "पत्रकातलंच बोला. गिरणीनं सुरुवात करा. आज काय झालं ते मी नंतर सावकाश मांडतो."

मी कर्ण्यापुढं उभा राहिलो आणि बोललो ते असं.

"मी सकाळपास्नं चौकीत व्हतो. मंत्री आले म्हणून. मी चोरी केली न्हाय. माझ्या बापानं केली न्हाय. हितं जत्रा आली की आमाला बसवत्यात, मंत्री आला की बसवत्यात. तुमच्यासंगं काम करतो, आन् तुमाला ताप आला म्हणून सांगतो. ताप न्हवता. मी आमदार झालो तर पयलं काम हे. गुन्हा सांगितल्याबिगर कुणाला चौकीत बसवायचं न्हाय. गिरणी त्याच्या मागनं. नळ त्याच्या मागनं."

टाळ्या नाहीत. सायकलींच्या घंटाही नाहीत. मागून कुणीतरी ओरडलं, "मग चोऱ्या कोण करतंय?"

"ज्यानं केली त्याला धरा," मी म्हणालो. "त्याचं नाव सांगा, मी सोता धरून देतो. पर एकानं केली म्हणून वस्ती बसवायची? शेठच्या पेढीतला एखादा मुनीम पळाला तर सगळ्या शेठांना बसवता काय चौकीत?"

थोडे हसले. जास्त लोक सायकली वळवून निघाले. साचेखात्यातला माझा जवळचा सोबती, इतकी वर्षं ज्याच्या बाजूच्या मागावर मी काम केलं, तो व्यासपीठाजवळ येऊन म्हणाला, "हे कशाला काढलंस? चांगलं चाललं होतं की." त्याच्या तोंडावर खरोखरचं दुःख होतं. माझ्यासाठीच होतं. मला वाटलं त्याच्या कानफटात मारावी, आणि वाटलं त्याच्या गळ्यात पडून रडावं. दोन्ही केलं नाही.

घरी आप्पा दाराशी बसला होता. माझ्याकडं न बघता म्हणाला, "मी तुला मत न्हाय देनार."

"का आप्पा?"

"तू निवडून आलास तर ममईला जाशील. हितं चौकीत मी ऱ्हानार. न्हाय आलास तरी हितं मीच ऱ्हानार."

मी आत जाऊन उरलेल्या गालाची दाढी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वकीलसाहेब आले. रात्रभर झोपले नसावेत. "अजून सावरता येईल. पुढच्या सभेत एवढंच म्हणा की काल रागाच्या भरात बोललो. पत्रक आहे तेच आमचं धोरण."

मी विचारलं, "साहेब, तुमाला कदी बसवलंय?"

ते म्हणाले, "हा प्रश्न नाही."

"माझा त्योच हाय."

ते चिडले. मीही चिडलो. पहिल्यांदाच आम्ही एकमेकांवर आवाज चढवला. ते चांगले होते, हीच अडचण होती. वाईट माणसाला नाही म्हणणं सोपं जातं. त्यांनी माझ्यासाठी घाम गाळला होता, एका पंगतीला बसवलं होतं, आणि त्या सगळ्याच्या बदल्यात मी फक्त एक गोष्ट गिळून टाकायची होती. मी म्हणालो, "न्हाय गिळत."

उरलेल्या दिवसांत प्रचाराला माणसं कमी झाली. शिडी मीच खांद्यावर घेतली. बायको बरोबर यायला लागली. तिला कुणी बोलायला शिकवलं नव्हतं. ती बायकांच्या घोळक्यात सरळ सांगायची, "माझ्या लग्नाला समदी पावनी आली, अक्षता वाटल्या, आन् नवरदेव चौकीत. शहरात कुटं तरी चोरी झाली व्हती. हळदीच्या अंगानं बसवला व्हता. सांजच्याला सोडला, मग लगीन लागलं. तुमच्यात असं झालं असतं तर?" एखादी डोळ्याला पदर लावायची. मत दिलं असेल की नाही, मला माहीत नाही. पण ऐकून घेतलं. बायकोनं ते लग्नाचं दुःख मलाही कधी बोलून दाखवलं नव्हतं. मी तिच्या मागं शिडी धरून उभा असायचो आणि मला शरम वाटायची, राग यायचा, अभिमान वाटायचा, सगळं एकदम.

मी पडलो. चांगलाच पडलो. आमच्या वस्तीतल्या केंद्रावरसुद्धा शेठ पुढं होते. शेठनी वस्तीत निरोप धाडला होता, बोलायची भाषा कराल तर बसणं वाढेल. लोक घाबरले. मी त्यांना दोष देत नाही, पण वाईट वाटलं नाही असंही म्हणणार नाही. फार वाईट वाटलं.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी शेठची विजयाची मिरवणूक होती. मिरवणूक म्हणजे गर्दी. गर्दी म्हणजे आम्ही. सकाळी गाडी आली. आप्पानं मुंडासं बांधलं, काठी घेतली आणि स्वतःच दाराबाहेर येऊन उभा राहिला. कुणी बोलवायच्या आधी. हवालदार हसून म्हणाला, "चला उमेदवार. शेठची मिरवणूक हाय."

मी म्हणालो, "गुन्हा सांगा."

"गुन्हा कसला? नेहमीचंच की."

"गुन्हा असंल तर बेड्या घाला, येतो. नसंल तर पायानं येनार न्हाय. उचलून न्यायचं तर न्या."

त्यांनी उचलून नेलं. चौघांनी हातपाय धरून, सगळ्या वस्तीसमोर. शर्ट फाटला, कोपर सोलला. गाडीत टाकल्यावर मी बाहेर बघितलं. आप्पा दारातच उभा होता. आत गेला नाही आणि गाडीतही आला नाही. त्या दिवशी हवालदारानं त्याला परत हाक मारली नाही. का, ते मला कळलं नाही.

आता याला वर्ष उलटून गेलं. वकीलसाहेब परवा भेटले. म्हणाले, महापालिकेची निवडणूक येईल तेव्हा उभे राहा, वॉर्ड लहान असतो, नळ आणि गटारं एवढंच बोला, निवडून याल. त्यांचा हिशोब बरोबर असेल. मी म्हणालो, "उभा ऱ्हातो. पर पत्रक मी लिहिणार."

ते म्हणाले, "पुन्हा तेच?"

पुन्हा तेच. महापालिकेला तेच, विधानसभेला तेच. चौकी महापालिकेच्या हातात नसते, हे मला माहीत आहे. ज्यांच्या हातात असते ते ऐकत नाहीत म्हणून मी ते सगळीकडं बोलणार आहे. नळाच्या सभेत बोलणार, रस्त्याच्या सभेत बोलणार. गिरणीच्या फाटकावर बोलणार. मला मत द्यायचं तर हे ऐकून द्या. नसेल द्यायचं तर ऐकून नाही म्हणा. बसवणं बंद, हा माझा पहिला मुद्दा आहे, आणि तो मी कुणासाठीही दुसरा करणार नाही.